'फोर्ट स्टिकिन' का बुडाले? : एका चौकशीचा धडा



चौदा एप्रिल म्हटले की आपणा सर्वांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीची आठवण होते. त्या दिवशी अकोल्यात मिरवणुका निघतात, व्याख्याने होतात. परंतु त्याच तारखेला देशभरातील अग्निशामक दलांचे जवान रांगेत उभे राहून आपल्या दिवंगत बांधवांना मानवंदना देतात आणि तेथून पुढे आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळेत येऊन आग कशी विझवावी याचे प्रात्यक्षिक दाखविणारे जवान तुम्ही पाहिले असतील. हा सप्ताह नेमका याच तारखेला का सुरू होतो, असा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या वर्गात विचारतो. उत्तर क्वचितच येते. मागे एकदा एका मुलाने हात वर केला आणि तो म्हणाला, "सर, जपानने मुंबईवर बॉम्ब टाकला होता म्हणून."

उत्तर चुकीचे होते. पण १९४४ साली खुद्द मुंबईतल्या पुष्कळ लोकांचीही हीच समजूत झाली होती. त्यामुळे मी त्या मुलाला रागावलो नाही. "असे का वाटले असेल, ते आपण शोधू," एवढेच म्हणालो. त्या शोधातून जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवीत आहे.

हकीकत एका जहाजाची आहे. त्याचे नाव 'फोर्ट स्टिकिन'. ही काही तोफा डागणारी युद्धनौका नव्हे. ते होते मालवाहू जहाज, पण युद्धासाठीच बांधलेले आणि युद्धाचेच सामान वाहणारे. दुसऱ्या महायुद्धात शुक्रवार, दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, शत्रूचे एकही विमान आकाशात नसताना, त्याचे दोन तुकडे झाले. ते एकटे गेले नाही. शेजारची जहाजे, गोदामे, घरे आणि शेकडो माणसे सोबत घेऊन गेले. असे का घडले, हा आपल्या लेखाचा विषय आहे.

जहाज आणि त्यातील माल

फोर्ट स्टिकिन हे १९४२ साली कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. युद्धात जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे भराभर बुडवीत होत्या. ती तूट भरून काढण्यासाठी कॅनडात एकाच धर्तीची अनेक जहाजे घाईने बांधण्यात आली आणि त्यांना 'फोर्ट' या शब्दाने सुरू होणारी नावे दिली गेली. त्यांतलेच हे एक. सुमारे दहा हजार टन माल नेण्याची त्याची क्षमता होती.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून ते निघाले. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता. त्यात तोफगोळे, सुरुंग आणि पाणतीर होते, आणि २३८ टन तर सहज भडका घेणारी, सर्वांत नाजूक वर्गातील स्फोटके होती. याशिवाय स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने आणि भारतासाठी पाठविलेले सोने होते. सोन्याच्या १२४ विटा ३१ पेट्यांत बंद होत्या. या १२४ आकड्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे, तो लक्षात ठेवा.

वाटेत जहाज कराचीला थांबले. तेथे विमाने व काही माल उतरविण्यात आला आणि कप्पे मोकळे झाले. युद्धकाळात जहाजातली वीतभर जागाही रिकामी ठेवणे परवडत नसे. म्हणून त्या जागेत कापसाच्या गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड आणि मोडीचे लोखंड भरण्यात आले. कप्तान अलेक्झांडर नाइस्मिथ यांनी हा माल एकत्र ठेवण्यास विरोध केला आणि तो नोंदविलाही. पण बंदराचे काम थांबले नाही. क्रमांक दोनच्या कप्प्यात खाली कापूस आणि वर स्फोटके, अशी रचना घेऊन जहाज मुंबईकडे निघाले.

कापसाच्या गाठी किती होत्या? येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. पुष्कळ ठिकाणी हा आकडा ८७,००० असा छापलेला आढळतो. तो खरा की खोटा, हे ठरवायला विलायतेला जायला नको. आपण वऱ्हाडातली माणसे. गठाणीचे वजन आपल्या घरातले थोरले सांगतील. एक गठाण साधारण १७० किलोची धरली तर ८७,००० गठाणींचे वजन जवळजवळ १४,८०० टन होते. दहा हजार टनांच्या जहाजात, तेही इतर सामानासोबत, एवढा कापूस मावेल कसा? दुसरा आकडा ८,७०० असा मिळतो. त्याचे वजन सुमारे १,४८० टन भरते, आणि ते पटण्यासारखे आहे. एक शून्य कोठेतरी जास्त पडले आणि लोक ते उतरवून घेत गेले. छापलेले प्रत्येक अक्षर सत्य नसते, हा इतिहासाचा पहिला धडा आपल्या कापसानेच आपल्याला दिला.

रुईची आग

कापूस आणि आग यांचे नाते आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागू नये. माझे दादाजान येथील एका प्रेसिंग कारखान्यात गठाणी बांधण्याचे काम करीत. फाटकावरच खिशातली काडीपेटी आणि विडीचे बंडल काढून ठेवावे लागे, असे ते सांगत. रुईच्या आगीला ते 'चोर आग' म्हणत. वरून गठाण पांढरीशुभ्र दिसते, हात लावला तर जेमतेम कोमट लागते, आणि आत मात्र निखारा वाट काढीत असतो. म्हणून रात्रपाळीचा जमादार डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विसंबून असे.

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. गठाण कितीही दाबली तरी तंतूंच्या मध्ये हवा राहतेच. एक ठिणगी आत गेली की तेवढ्या हवेवर ती ज्वाळेविना दिवसचे दिवस धुमसू शकते. वरून पाणी ओतले तर बाहेरचा थर भिजतो, आतला निखारा तसाच राहतो. शिवाय गठाण पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता मुंबईच्या गोदीत चला.

दुपारचे दोन ते चार

१२ एप्रिल रोजी फोर्ट स्टिकिन व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला लागले. एरवी अशी जहाजे गोदीत आणत नसत. ती बाहेर खोल पाण्यात उभी करीत आणि दारूगोळा पडावांतून उतरवून घेत. युद्धाच्या घाईत हा नियम सैल करण्यात आला होता. स्फोटके असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावावे असा संकेत होता, तेही लावलेले नव्हते. त्यामुळे शेजारच्या जहाजावरील खलाशांना आणि धक्क्यावरच्या हमालांना आपल्या बाजूला काय उभे आहे याची कल्पना नव्हती. दारूगोळा उतरवून घेणारे पडाव लगेच आले नाहीत. दोन दिवस होत आले तरी बहुतेक स्फोटके जागच्या जागी होती.

१४ तारखेला दुपारच्या सुट्टीनंतर कामगार परतले, आणि दोनच्या सुमारास क्रमांक दोनच्या कप्प्यातून धूर येत असल्याचा ओरडा झाला. पुढे साक्षींत असेही निघाले की जवळच्या जहाजांवरील काहींनी साडेबाराच्या सुमारासच हवा जाण्याच्या वाटेतून बारीक धूर निघताना पाहिला होता. त्यांना वाटले, जहाजावरच्या लोकांना ठाऊक असेलच. कोणी कोणाला काही सांगितले नाही.

मग पाण्याचा मारा सुरू झाला. खलाशांनी नळ्या सोडल्या, बंब आले, आणखी बंब आले. ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. धूर इतका दाट होता की आगीचे मूळ दिसेना. पाणी जसजसे चढू लागले तसतशा जळत्या गाठी तरंगून वर, म्हणजे स्फोटकांच्या दिशेने जाऊ लागल्या. पाणी उकळू लागले. जहाजाच्या बाजूचा पत्रा एका ठिकाणी इतका तापला की त्यावरचा रंग उकलू लागला.

या वेळी धक्क्यावर अधिकाऱ्यांची उणीव नव्हती. कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, बंबखान्याचे प्रमुख होते, लष्कराचे दारूगोळा जाणणारे अधिकारी होते. कोणी म्हणे, जहाज आहे तेथेच बुडवावे. कोणी म्हणे, ओढून बाहेर समुद्रात न्यावे. गोदीतले पाणी उथळ असल्याने तेथे जहाज पुरते बुडेल की नाही ही शंका, आणि बाहेर नेताना वाटेतच स्फोट झाला तर काय ही भीती. अंतिम हुकूम कोणी द्यायचा, हेच ठरलेले नव्हते. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. बंबवाले मात्र आपले काम करीत राहिले. ते जहाजावरच होते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

स्फोटानंतर

जहाज दुभंगले. बारा किलोमीटर दूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. भूकंप नोंदविणाऱ्या यंत्रांनी तो धक्का टिपला, आणि सतराशे किलोमीटरवरच्या शिमल्यातही त्याची नोंद झाली. सुमारे अर्ध्या तासाने दुसऱ्या कप्प्यातील स्फोटकांचा, पहिल्याहूनही मोठा स्फोट झाला. 'जलपद्म' नावाचे सुमारे चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. पेटलेल्या गाठी आणि तापलेले लोखंड मांडवी, मशीद बंदर या दाट वस्त्यांवर पावसासारखे कोसळले. अकोल्याच्या कितीतरी घरांचे नातेवाईक आजही त्या भागात राहतात. त्या गल्ल्या किती अरुंद आहेत हे तुम्हांला ठाऊक आहे.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. तेरा जहाजे कामास मुकली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले. आणि हे कधी, तर बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे गिळली त्याला जेमतेम वर्ष होत असताना. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. गोदी साफ करून पुन्हा चालू करण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबली. मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान या आगीत कामी आले. कप्तान नाइस्मिथही वाचले नाहीत. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्या जवानांचे स्मारक आहे आणि चौदा एप्रिलचा सप्ताह त्यांच्याच नावाने पाळला जातो.

अफवांचे राज्य

आता त्या नववीच्या मुलाच्या उत्तराकडे येऊ. जपानी बॉम्बची गोष्ट आली कोठून?

दिवस आठवा. एप्रिल १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमाच्या वेशीवर लढत होत्या. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनाची धग अजून पुरती निवाली नव्हती, म्हणून सरकारही प्रत्येक हिंदी माणसाकडे संशयाने पाहत होते. अशा वेळी मुंबई हादरली, आणि युद्धकाळच्या निर्बंधांमुळे वृत्तपत्रांना बातमी मोकळेपणी देता येईना. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने मात्र ती जगाला सांगून टाकली. सविस्तर हकीकत बाहेर पाठविण्याची मुभा बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. मधल्या काळात लोकांनी आपापली कारणे तयार केली. कोणी म्हणाले जपानी विमान आले होते, कोणी म्हणाले घातपात झाला.

आणि घातपात म्हटला की बोट कोणाकडे वळते? जो जहाजाच्या पोटात उतरून काम करतो त्याच्याकडे. गोदीचा हमाल हा सर्वांत गरीब, सर्वांत अबोल आणि सर्वांत सहज सापडणारा मनुष्य. पालकहो, आपल्या जुन्या शहराने अफवेची किंमत अनेकदा मोजलेली आहे. मोर्णेच्या या काठावरची गोष्ट त्या काठावर पोहोचेपर्यंत तिचे काय होते, हे आपण पाहिले आहे. म्हणून यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

चौकशी कशी झाली?

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगापुढची अडचण विचित्र होती. खुनाच्या तपासात निदान प्रेत असते. येथे ज्याची तपासणी करायची ते जहाजच उरले नव्हते. कप्पा नाही, गाठी नाहीत, ठिणगी तर नाहीच. मग शोध घ्यायचा कसा?

तो कागदपत्रांतून घेतला गेला. कोणत्या कप्प्यात, कोणत्या थरावर, काय ठेवले होते याची नोंद असते. तो घेतला गेला वाचलेल्यांच्या साक्षींतून. धूर प्रथम कोणी, कोठून, किती वाजता पाहिला, हे एकमेकांशी ताडून बघता येते. स्फोट दोन झाले आणि त्यांत अंतर होते, यावरून दोन वेगळ्या ठिकाणची स्फोटके वेगवेगळ्या वेळी उडाली हे कळते. कापूस कसा जळतो हे शास्त्राला माहीत असते. असे एकेक धागे जुळवून आयोगाने आपला निष्कर्ष काढला.

आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत होते. घातपाताची कल्पना आयोगाने मान्य केली नाही. हा अपघात होता. ठिणगी बेफिकिरीने टाकलेल्या जळत्या सिगारेटची असावी, अशी शक्यता वर्तविली गेली. पण आयोग ठिणगीपाशी थांबला नाही, आणि येथेच त्याचे मोठेपण आहे. ठिणगी पडली तरी एवढा अनर्थ का व्हावा, असे त्याने विचारले. तेव्हा एकामागून एक चुका पुढे आल्या: स्फोटकांखाली कापूस ठेवला, धोक्याचे निशाण लावले नाही, स्फोटके उतरविण्यास उशीर केला, अग्निशामक दलाला वर्दी द्यायला उशीर केला, आणि कप्पा बंद करून त्यात वाफ सोडण्याचा उपाय योजला नाही. वाफेने हवा बाहेर ढकलली जाते आणि धुमसणाऱ्या आगीचा श्वास कोंडतो. पाण्याने नेमके उलटे झाले.

या यादीत एकही चूक जगावेगळी नाही. प्रत्येक चूक करणाऱ्याजवळ त्या क्षणी एक सबब होती. युद्ध आहे, जागा वाया घालवता येत नाही. पडाव आलेले नाहीत. दुसऱ्या कोणीतरी वर्दी दिलीच असेल. आणि या सगळ्या सबबी एकाच कप्प्यात गोळा झाल्या. सरकारने अखेर जबाबदारी मान्य केली आणि ज्यांनी दावे केले त्या नागरिकांना भरपाई दिली. चौकशीत हमालाला गुन्हेगार ठरविले असते तर भरपाईचा प्रश्न आला असता का, याचा विचार करा.

घाईच्या निकालाचे दुसरे उदाहरण

सगळ्याच चौकशा इतक्या सरळ होत नाहीत. अमेरिकेची 'मेन' ही युद्धनौका १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्यूबातील हवाना बंदरात स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी दगावले. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. अमेरिकन वृत्तपत्रांनी स्पेनवर आरोप करून रान पेटविले. नौदलाच्या चौकशीने बाहेरून सुरुंग लागल्याचा निष्कर्ष काढला आणि एप्रिलमध्ये दोन्ही देशांत युद्ध जुंपले. १९११ मध्ये नौकेचा सांगाडा उघडा पाडून दुसरी चौकशी झाली. तिनेही सुरुंगच सांगितला, पण जागा वेगळी सांगितली. १९७६ साली ॲडमिरल रिकओव्हर यांनी तज्ज्ञांकडून पुन्हा तपास करविला. त्यांचे मत पडले की आतल्या कोळशाच्या कोठारात आपोआप आग धुमसली असावी आणि लगतच्या दारूगोळ्याच्या कोठाराला तिची आच लागली असावी. यावर अजूनही वाद आहेत. पण युद्ध तर अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीच लढून झाले होते!

तेथे कोळशाशेजारी दारूगोळा, येथे कापसावर दारूगोळा. ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनमधील बैरूत बंदर उद्ध्वस्त झाले तेव्हा तेथील गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट काही वर्षे पडून होते आणि त्याविषयी धोक्याची पत्रेही गेलेली होती. दोनशेहून अधिक माणसे गेली. नाइस्मिथ यांच्या नोंदविलेल्या विरोधाची आणि त्या पत्रांची जातकुळी एकच.

थोडे स्वतःविषयी

उपदेश दुसऱ्याला करणे सोपे असते, म्हणून माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या शाळेत होतो, तेथे एके दिवशी जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत आग लागली. शिपायाने वेळीच पाहिले म्हणून थोडक्यात निभावले. त्याच सकाळी मी दोन मुलांना वर्गाबाहेर काढले होते. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी त्यांची नावे घेतली. मी होकार भरला. मुले दोन तास उभी राहिली. एकाचे वडील हातगाडी लावीत, ते काम सोडून धावत आले आणि काही कळण्याआधीच माफी मागू लागले.

संध्याकाळी वायरमन आला. गठ्ठ्यांच्या मागे भिंतीवर सैल झालेली वायर काळी पडलेली होती. त्या वायरमधून ठिणगी उडताना मी आठ दिवसांपूर्वी पाहिली होती. कोणीतरी सांगेल, असे समजून मी काहीच बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी ते सर्वांपुढे कबूल केले आणि त्या वडिलांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. तो चहा मला आजही आठवतो. फोर्ट स्टिकिनच्या शेजारी धूर पाहून गप्प राहिलेल्या खलाशांविषयी वाचले, तेव्हा मला ते परके वाटले नाहीत.

मोजलेले आणि न मोजलेले

आता तो १२४ चा आकडा. जहाजातील सोन्याच्या विटा किती, हे आपल्याला नक्की ठाऊक आहे. त्यांतली एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, हीही नोंद आहे. बंदराचा गाळ काढताना पुढे कित्येक वर्षे विटा सापडत गेल्या आणि त्यांचा हिशेब जुळविला गेला.

माणसे किती मेली? गोदीच्या निरनिराळ्या सेवांतील आणि अग्निशामक दलातील मिळून २३१, आणि त्याशिवाय पाचशेहून अधिक नागरिक, असे एक उत्तर आहे. काही जण एकूण आकडा तेराशेपर्यंत नेतात. सातशे आणि तेराशे यांत सहाशे माणसांचे अंतर आहे. रोजंदारीवर आलेल्या हमालाचे, गल्लीत झोपणाऱ्या परगावच्या कामगाराचे नाव ज्या कागदावर असावे असा कागदच नव्हता. सोन्याची यादी होती, माणसांची नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या पटावर तुमचे नाव रोज पुकारले जाते, तेव्हा कंटाळू नका. लिहिता येणे, आपले नाव कोठे लिहिले गेले आहे हे वाचता येणे, आणि जे चुकीचे लिहिले आहे ते दुरुस्त करून घेता येणे, एवढ्यासाठी आपल्या वाडवडिलांनी पै-पै जमवून शाळा उभ्या केल्या.

या सुट्टीत एक काम करा. आपल्या मोहल्ल्यात ज्यांनी जिनिंगमध्ये, प्रेसिंगमध्ये, रेल्वेच्या मालधक्क्यावर काम केले अशा एखाद्या बुजुर्गापाशी बसा. त्यांनी पाहिलेल्या आगीची हकीकत विचारा. कधी लागली, प्रथम धूर कोणी पाहिला, कोणाला सांगितले, दोष कोणावर आला आणि खरे कारण काय निघाले, हे पाच प्रश्न वहीत लिहून न्या. दोन माणसांना वेगवेगळे विचारा आणि ताडून पाहा. वह्या घेऊन शाळा उघडल्यावर माझ्याकडे या. आपण त्या एकत्र वाचू.

आणि पालकहो, मुलाने घरी येऊन एखादी ऐकीव गोष्ट सांगितली, तर त्याला गप्प बसवू नका आणि ती तशीच पुढेही पाठवू नका. एवढेच विचारा: "बेटा, हे तू पाहिलेस की ऐकलेस?"